इग्निशन बदललं, मग आरपीएमचा काटा का नाचतो?

जुन्या गाडीतले पॉइंट (ठिणगीसाठी करंट चालू-बंद करणारे धातूचे संपर्क) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली, मिसिंग गेलं, पिकअप सुधारला. सगळे खूश. आणि मग कुणाचं तरी लक्ष डॅशबोर्डकडे जातं: आरपीएमचा, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे दाखवणारा काटा शून्यावर पडून आहे. किंवा इंजिन स्लोला निवांत चाललंय आणि काटा दोन हजारांच्या आसपास थरथरतोय. "मीटर मेलंय की ओ मालक, नवं घाला," हे उत्तर सोलापुरात कुठल्याही गॅरेजमध्ये मिळेल. बहुतेक वेळा ते चुकीचं असतं.

काल संध्याकाळपर्यंत बरोबर चालणारं मीटर, बॉनेटखाली काम झालं म्हणून आज सकाळी मरत नाही. मीटर आहे तिथेच आहे, त्याच्याकडे येणारा सिग्नल बदललाय. म्हणून नव्या मीटरचे पैसे मोजण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं शोधावीत: आपलं मीटर सिग्नल कुठून आणि कसा घेतं, आणि काटा नेमका कसा चुकतोय. ही दोन उत्तरं मिळाली की निम्म्याहून जास्त काम झालेलं असतं.

मीटर फेरे मोजत नाही, ठिणग्या मोजतं

विजेवर चालणाऱ्या टॅकोमीटरला, म्हणजे आरपीएम मीटरला, इंजिनाचे फेरे दिसत नाहीत. ते इग्निशनच्या ठिणग्या मोजतं आणि त्यावरून फेऱ्यांचा हिशेब लावतं. सोलापूरकराला हे समजायला वेळ लागायचा नाही. पॉवरलूमच्या शेडमध्ये वाढलेला माणूस मागाकडे पाठ करून, नुसत्या खटखटीवरून माग किती वेगात चाललाय ते सांगतो, कारण क्रँकच्या एका फेऱ्याला धोटा एकदाच जातो हे त्याला ठाऊक असतं. त्याला न सांगता शेजारचा दुसरा माग चालू केला तर त्याचा अंदाज दुप्पट होईल. त्याचे कान ठीकच असतात, फक्त ऐकू येणारी खटखट बदललेली असते.

गाडीतला हिशेब असा. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत चारही प्लग एकेकदा पेटतात, म्हणजे एका फेऱ्याला दोन ठिणग्या. इंजिन 800 आरपीएमवर असेल तर मिनिटाला 1600 ठिणग्या, सेकंदाला साधारण 27. 3000 आरपीएमला मिनिटाला 6000, म्हणजे सेकंदाला बरोबर 100. सहा सिलिंडरला एका फेऱ्याला तीन ठिणग्या, आठला चार. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

आता ठिणगी होते कशी ते थोडक्यात, कारण बिघाड याच रस्त्यावर कुठेतरी सापडतो. बॅटरीचा करंट चावीतून कॉइलच्या एका टोकाला येतो, कॉइलच्या जाड तारेच्या वेटोळ्यातून दुसऱ्या टोकाला जातो, तिथून डिस्ट्रिब्युटरमधल्या (एकेका प्लगला ठिणगी वाटणारा भाग) पॉइंटला आणि पॉइंटमधून बॉडीला. पॉइंट मिटलेले असताना करंट वाहतो. साध्या 12 व्होल्टच्या कॉइलचा रोध 3 ओहमच्या आसपास असतो, म्हणजे करंट साधारण 4 अँपिअर. डिस्ट्रिब्युटरचा कॅम पॉइंट उघडतो, करंट तुटतो, कॉइलमधलं चुंबकत्व एकदम कोसळतं आणि बारीक तारेच्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट तयार होऊन प्लगला जातात.

त्याच क्षणी जाड तारेच्या बाजूलाही एक झटका बसतो. कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकावर 12 व्होल्टच्या जागी क्षणभर 200 ते 400 व्होल्ट उमटतात. म्हणूनच इंजिन चालू असताना कॉइलच्या "साध्या" टोकालाही हात लावायचा नसतो. मीटर ऐकतं ते हाच झटका, नाहीतर करंटची ती चालू-बंद.

आपलं मीटर कुठल्या जातीचं?

हे आधी ठरवल्याशिवाय पान्याला हात लावू नये. जात चुकली तर पुढची सगळी तपासणी वाया जाते.

पहिली जात केबलची. मीटरच्या मागे स्पीडोमीटरसारखी जाड, फिरणारी केबल. ट्रायम्फ स्पिटफायरच्या जुन्या मॉडेलमध्ये ही केबल डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी जोडलेली असते, तर ऑस्टिन-हीली स्प्राइटच्या सुरुवातीच्या गाड्यांत डायनमोच्या मागून निघते. इथे विजेचा संबंधच नाही. डिस्ट्रिब्युटर काढून नवा इलेक्ट्रॉनिक बसवला आणि त्याला केबलची जागाच नसेल, तर काटा कायमचा झोपणार. डायनमो जाऊन अल्टरनेटर आला तरी तेच. या जातीत शोधायला फार काही नसतं.

दुसरी जात व्होल्टेज ऐकणारी. मागे चार वायरी: चावीनंतरचा सप्लाय, अर्थ (बॉडीची जोडणी), दिव्याची वायर आणि सिग्नलची एक वायर, जी कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला जाते. बहुतेक पद्मिनी-अँबॅसेडरना कंपनीकडून आरपीएम मीटर नव्हतंच. हौशी मालकांनी नंतर डॅशवर जे गोल मीटर बसवलं, ते बहुधा याच जातीचं असतं.

तिसरी जात करंट ऐकणारी, आणि खरी डोकेदुखी हीच. 1960 च्या दशकातल्या एमजीबीसारख्या ब्रिटिश गाड्यांत स्मिथ्स कंपनीची ही मीटरं आहेत. (एमजीबीचं इंजिन आणि आपल्या जुन्या अँबॅसेडरचं 1489 सीसी पेट्रोल इंजिन एकाच बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) घराण्यातलं. त्यामुळे एमजीबीच्या इग्निशनला हात घालताना अँबॅसेडर कोळून प्यायलेला मिस्त्री बिचकत नाही, पण तिचं मीटर बघून बिचकतो.) या मीटरला कॉइलवरून वेगळी सिग्नल वायर येतच नाही. चावीतून कॉइलला जाणारी पांढरी सप्लायची वायरच मीटरच्या पाठीवरून एक वळसा घेऊन पुढे जाते. वायरीतला करंट चालू-बंद झाला की त्या वळशाशेजारचं छोटं ट्रान्सफॉर्मर ते ओळखतं.

ओळखायची खूण डायलवरच असते. काट्याच्या खाली, तळाशी बारीक अक्षरं बघा: आरव्हीआय असेल तर करंटवालं, आरव्हीसी असेल तर व्होल्टेजवालं. भिंग घेऊन बघावं लागतं, पण त्या तीन अक्षरांवर अख्खा दिवस वाचतो.

काटा शून्यावरच असेल तर

इथे जास्त वेळ देऊ, कारण सर्वांत जास्त गाड्या याच तक्रारीने येतात.

व्होल्टेजवाल्या मीटरमध्ये पहिला संशय कॉइलच्या टोकांवर. काम करताना कॉइल काढली, साफ केली किंवा नवी बसवली, आणि सिग्नलची वायर सप्लायच्या टोकाला अडकवली. तिथे जवळपास स्थिर 12 व्होल्ट असतात, झटका नसतो, त्यामुळे मीटरला मोजायला काहीच मिळत नाही. गाडी मात्र छान चालते, म्हणून संशय येत नाही. नव्या कॉइलवर अधिक-उणे लिहिलेलं असतं. जुन्या लुकास कॉइलवर एसडब्ल्यू आणि सीबी, तर जर्मन पद्धतीच्या कॉइलवर 15 आणि 1. एसडब्ल्यू आणि 15 ही चावीकडची टोकं, सीबी आणि 1 ही डिस्ट्रिब्युटरकडची. ज्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं अधिक टोक बॉडीला असतं, त्यांत अधिक-उण्याचा हिशेब उलटा होतो. म्हणून चिन्हावर न जाता वायर हाताने धरून डिस्ट्रिब्युटरपर्यंत न्यावी. जे टोक डिस्ट्रिब्युटरला जातं, तेच मीटरचं.

दुसरा संशय एका लहानशा डबीवर. रेडिओत खरखर येऊ नये म्हणून जुन्या गाड्यांत कॉइलच्या सप्लायच्या टोकाला एक कपॅसिटर लावलेला असतो. बोटाच्या दोन पेरांएवढी पत्र्याची डबी, एकच वायर, आणि डबीचा कान कॉइलच्या क्लॅम्पच्या स्क्रूखाली. कॉइल पुन्हा बसवताना ही वायर दुसऱ्या टोकाला गेली की तो झटका डबीच गिळते. मीटर थंड पडतं आणि ठिणगीही कमजोर होते. ती वायर तिच्या जागी आली की दोन्ही तक्रारी एकदम जातात. इलेक्ट्रॉनिक किट बसवल्यावर पॉइंटचा जुना कंडेन्सर (तोही एक कपॅसिटरच) तसाच राहिला असेल, तर तोही किटच्या सूचनेप्रमाणे काढावा. त्याचं काम संपलेलं असतं आणि तो सिग्नलचा आकार बिघडवतो.

टोकं बरोबर असतील तर टेस्ट लॅम्प घ्या. साधा, 12 व्होल्टच्या छोट्या बल्बचा. एलईडीचा स्क्रू-ड्रायव्हर टेस्टर इथे वापरू नका, त्या 300 व्होल्टच्या झटक्याने तो जातो. स्वस्तातला मल्टिमीटरही या टोकाला लावण्यात शहाणपण नाही. लॅम्पचं एक टोक चांगल्या अर्थला, दुसरं कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला, आणि मदतीला असलेल्याला सेल्फ मारायला सांगा. बल्ब लुकलुकला तर सिग्नल तयार होतोय. आता हीच तपासणी मीटरच्या मागे, सिग्नलच्या वायरीवर करा. इथे लुकलुकत नसेल तर वायर मधेच तुटलीय. बहुतेक वेळा फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) रबरी बुशजवळ, जिथे वर्षानुवर्षं ती पत्र्याला घासत असते.

ही घासलेली वायर तुटायच्या आधी पत्र्याला चिकटली तर मामला वेगळाच होतो: गाडीच चालू होत नाही. कॉइलचं टोक कायमचं बॉडीला जोडलं गेलं की करंट तुटायचा मार्गच उरत नाही, मग ठिणगी कुठून पडणार? म्हणून इग्निशनच्या कामानंतर सेल्फ फिरतोय पण गाडी पेट घेत नाही असं झालं, तर नवीन मॉड्यूलला (पॉइंटऐवजी करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) दोष देण्याआधी मीटरची सिग्नल वायर कॉइलवरून काढून बघा. गाडी लगेच चालू झाली तर दोषी सापडला. हे करताना चावी विनाकारण चालू ठेवू नका. इंजिन बंद, चावी चालू आणि पॉइंट मिटलेले, अशा स्थितीत कॉइल तापत राहते. काही जुन्या धाटणीची इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलंही यात जळतात.

मीटरपर्यंत सिग्नल पोचतोय, तरी काटा हलत नाही? मग सप्लाय आणि अर्थ. मीटरचा अर्थ पुष्कळदा त्याला डॅशवर आवळणाऱ्या पट्टीवरूनच घेतलेला असतो, आणि डॅशला नव्याने रंग मारलेला असेल तर तो अर्थ गेलाच. बॅटरीच्या अर्थापासून एक लांब वायर थेट मीटरच्या अर्थला तात्पुरती लावून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि कुणीच करत नाही.

करंटवाल्या मीटरची गोष्ट वेगळी. तिथे वळसा सप्लायच्या रांगेतच असल्यामुळे तो तुटला तर गाडीच बंद पडते. गाडी चालतेय आणि काटा मेलाय, म्हणजे कॉइलचा करंट मीटरला वळसा न घालता भलत्याच रस्त्याने जातोय. किट बसवणाऱ्याने सोय म्हणून फ्यूज बॉक्समधून थेट कॉइलला नवीन सप्लाय ओढला की नेमकं हेच होतं. नवीन सप्लाय मॉड्यूलच्या लाल वायरीला द्या, हरकत नाही. कॉइलचा सप्लाय मात्र मीटरमधूनच गेला पाहिजे. मॉड्यूलला मीटरच्या आधीच्या टोकावरून वेगळा सप्लाय दिला की मीटरला फक्त कॉइलचा करंट दिसतो, आणि तेच हवं असतं.

अजून एक सापळा. या मीटरमध्ये करंट कुठल्या दिशेने वाहतो याला महत्त्व आहे. गाडी पॉझिटिव्ह अर्थवरून निगेटिव्ह अर्थवर आणली (एमजीबी कंपनीकडूनच 1967 मध्ये निगेटिव्ह अर्थ झाली, त्याआधीच्या पुष्कळ गाड्या मालकांनी नंतर बदलल्या), तर मीटरच्या आतलं जोडकामही बदलावं लागतं आणि वळशाची दिशाही उलटावी लागते. नुसत्या बॅटरीच्या क्लॅम्पची अदलाबदल करून हे मीटर चालत नाही, उलट जळण्याची शक्यता जास्त.

काटा चालतो, पण आकडा खोटा

इथे वही-पेन काढायचं. दुसऱ्या एखाद्या साधनाने खरे आरपीएम मोजा आणि मीटरच्या आकड्याला त्याने भागा. उत्तर स्वच्छ अपूर्णांकात आलं तर बिघाड नाही, हिशेब चुकलाय.

निम्मं दाखवतंय? मीटरच्या पाठीवर सिलिंडर निवडायचं बटण असतं, ते आठवर असेल. दोन-तृतीयांश, म्हणजे 3000 ला 2000? बटण सहावर आहे. ही बटणं वर्षानुवर्षं हलत नाहीत, आत हिरवट गंज धरतो. बटण योग्य जागी दिसत असलं तरी चार-सहा वेळा इकडून तिकडे सरकवून बघा. डिस्ट्रिब्युटर काढून टाकून दोन प्लगना एक कॉइल अशी नवी पद्धत बसवली असेल, तर प्रत्येक कॉइल एका फेऱ्याला एकदाच पेटते. चार सिलिंडरवर लावलेलं मीटर त्यातल्या एका कॉइलला जोडलं की ते बरोबर निम्मं दाखवणार. मीटर निर्दोष आहे, त्याला अर्ध्याच ठिणग्या ऐकू येतायत.

दुप्पट किंवा त्याहून जास्त दाखवत असेल तर मीटर एका ठिणगीला दोन-तीन वेळा मोजतंय. पॉइंट उघडल्यावरचा झटका एकदाच येऊन थांबत नाही, कॉइल आणि कंडेन्सरमध्ये तो काही क्षण झुलत राहतो. जुन्या मीटरच्या आतलं फिल्टर त्या ओळखीच्या झोक्यांकडे दुर्लक्ष करायला शिकलेलं असतं. इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलचा झटका जास्त उंच आणि धारदार असतो, त्यामुळे मागून येणारी लहान लाटही मीटरला ठिणगी वाटते. व्होल्टेजवाल्या मीटरमध्ये सिग्नलच्या वायरीत 10 किलो-ओहमचा एक रेझिस्टर घातला की बऱ्याचदा काटा शांत होतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात हा चिल्लरमध्ये मिळतो. सोल्डर करून वर स्लीव्ह चढवा. नुसती पिळ मारून टेप गुंडाळलेला जोड सोलापूरच्या मे महिन्यात बॉनेटखाली टिकत नाही, टेपचा डिंक वितळून सुटतो.

करंटवाल्या मीटरमध्ये झटक्याच्या उंचीपेक्षा करंटचा आकडा महत्त्वाचा. किटबरोबर नवी "जोरदार" कॉइल घेतली असेल तर तिचा रोध 3 च्या जागी 1.5 ओहम असू शकतो, म्हणजे करंट आवरणारा बॅलास्ट रेझिस्टर काढून टाकल्यास करंट 4 वरून 8 अँपिअरवर. मीटर 4 अँपिअरच्या हिशेबाने जुळवलेलं. ते गोंधळणारच, आणि मॉड्यूलही तापणार. म्हणून कॉइल कुठली घ्यायची हे मॉड्यूलच्या कागदावर बघून ठरवावं, दुकानदाराच्या "हीच सगळ्यात भारी" वर नाही. इतकं करूनही आरव्हीआय मीटर जुळत नसेल, तर बाहेरचा डायल-काटा तसाच ठेवून आतलं सर्किट व्होल्टेजवालं करून घेता येतं. मला स्वतःला हा उपाय आवडतो: चेहरा जुना राहतो आणि पुढची कटकट संपते. मूळपणाचे आग्रही लोक नाकं मुरडतील, मुरडू दे.

सीडीआयची पेटी (कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज कॉइलमध्ये सोडणारं इग्निशन) बसवली असेल तर वेगळाच नियम. या पेट्या कॉइलवर साडेचारशे-पाचशे व्होल्ट सोडतात आणि काहींमध्ये कमी वेगाला, साधारण 3000 आरपीएमच्या खाली, एकाच वेळी लागोपाठ अनेक ठिणग्या पडतात. मीटर थेट कॉइलवर असेल तर स्लोला काटा वाट्टेल तसा नाचेल आणि 3000 च्या वर अचानक शहाण्यासारखा वागेल. हे लक्षण इतकं ठसठशीत आहे की दुसरं काही तपासायची गरज नाही. पेटीवर टॅकोमीटरसाठी वेगळं टोक दिलेलं असतं, मीटर तिथेच जोडायचं. कॉइलला पेटीशिवाय काहीही जोडायचं नाही, टेस्ट लॅम्पसुद्धा नाही. करंटवालं मीटर असेल तर मधे अडॅप्टर लागतो.

काटा थरथरतो

पॉइंटवरच चालणारी गाडी असेल तर आधी पॉइंट. फट गाडीच्या पुस्तकात दिलेली, साधारण 0.40 मि.मी.च्या आसपास, फीलर गेजने. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बुशमध्ये सैल झाला असेल तर फट प्रत्येक सिलिंडरला वेगळी पडते. पॉइंटची स्प्रिंग मेली असेल तर जास्त वेगात पॉइंट उड्या मारतात, आणि काटाही.

हेडलाइट लावल्यावर आकडा बदलतो? मग तो अर्थचाच विषय, वर सांगितलेली लांब वायरीची तपासणी करा. रेस केल्यावरच थरथरतो? प्लगच्या वायरी बघा. तांब्याची सलग तार असलेल्या जुन्या वायरी रेडिओ स्टेशनसारखा आवाज सोडतात. इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलला आणि मीटरला तो चालत नाही, रोध असलेल्या वायरी किंवा रेझिस्टर प्लग लागतात. मीटरची सिग्नल वायर प्लगच्या वायरींना चिकटून नेली असेल तर ती लांब घ्या.

खरे आरपीएम कळणार कसे?

तपासणीची सगळी भिस्त खऱ्या आकड्यावर आहे. आरपीएम दाखवणारी टायमिंग लाइट असेल तर उत्तम. नसेल तर सोलापुरात एक सोय घरचीच आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत कापडाच्या कारखान्यांत देखभाल करणाऱ्या लोकांकडे हातात धरायचं, प्रकाशावर चालणारं डिजिटल टॅकोमीटर असतं. यंत्राच्या पुलीवर चमकता टेपचा तुकडा चिकटवायचा, मीटरचा झोत त्यावर धरायचा, फेरे आकड्यात दिसतात. तसाच तुकडा क्रँकच्या पुलीवर चिकटवा. हे मीटर ठिणग्यांच्या भानगडीत पडत नाही, खरोखर फेरेच मोजतं. पंख्यापासून हात आणि शर्टाची बाही लांब ठेवा एवढंच.

तेही नसेल तर गणित. टॉप गियर थेट (1:1) असलेली गाडी, मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर समजा 4.3 आणि टायरचा घेर 1.8 मीटर. ताशी 60 किमी म्हणजे मिनिटाला 1000 मीटर. भागिले 1.8, म्हणजे चाकाचे 556 फेरे. गुणिले 4.3, म्हणजे इंजिनाचे जवळपास 2400. पुणे हायवेवर मोकळा पट्टा बघून मोबाइलच्या जीपीएसवर 60 धरा आणि शेजारी बसलेल्याला काटा वाचू द्या. टायरचा घेर खडूची खूण करून, एक फेरा ढकलून, टेपने मोजता येतो. शंभर-दीडशेचा फरक सोडून द्या. या मीटरांच्या आत पन्नास वर्षांपूर्वीचे कपॅसिटर सुकत चाललेत, आणि पाठीमागे जुळवणीचा छोटा स्क्रू असतो तो नेमका याचसाठी. पण हिशेब आणि वायरिंग बरोबर झाल्याशिवाय त्या स्क्रूला हात लावायचा नाही, नाहीतर दोन चुका एकमेकींत मिसळतात.

बरोबर झालेला काटा काय काय सांगतो

एवढी खटपट आरपीएम बघण्यासाठीच असती तर मी म्हटलं असतं, राहू द्या. खरा फायदा गाडी रस्त्यात गचके द्यायला लागते तेव्हा होतो. तुळजापूर रोडला दुपारच्या उन्हात गाडी टॉपमध्ये चाललीय आणि अचानक ओढ सुटली. क्लच न दाबता काट्याकडे बघा. गाडी गियरमध्ये आहे, चाकं इंजिनाला फिरवतायत, म्हणजे फेरे चालूच आहेत. तरी विजेवरचा काटा शून्यावर पडला असेल, तर कॉइलच्या जाड बाजूची चालू-बंद थांबलीय: मॉड्यूल, कॉइल किंवा त्यांचा सप्लाय. त्याच वेळी पेट्रोलचा काटाही पडला असेल तर दोष चावीत किंवा चावीच्या वायरीत. काटा जागेवर स्थिर आहे आणि गाडी तरी ओढत नाही? मग चालू-बंद नीट होतेय. डिस्ट्रिब्युटरचा रोटर, कॅप, प्लगच्या वायरी बघा, नाहीतर पेट्रोलकडे वळा: पंप, फिल्टर, कार्बोरेटर.

काटा पडण्याची तक्रार गाडी तापल्यावरच येत असेल, तर सावलीत थांबून चहा पिऊन मग तपासणी करू नका. डिस्ट्रिब्युटरच्या आत बसवलेलं मॉड्यूल आणि कॉइल, दोन्ही चटका बसेल इतकी गरम असतानाच टेस्ट लॅम्प लावून सेल्फ मारा. सीडीआयची पेटी असेल तर अर्थात हा लॅम्पही नाही, तिच्या सप्लायवरच तपासा. गार झाल्यावर सगळंच ठीक दिसतं, आणि गाडी पुन्हा तिथेच, तसल्याच उन्हात बंद पडते.